जारच्या पाण्यात धुतलेले कण

लातुरात मार्च कलला की आमच्या गल्लीत जारवाल्याचा टेम्पो दिवसातून दोनदा फिरायला लागतो. भोंगा ऐकू आला की दारं उघडतात, रिकामे निळे जार ओट्यावर येतात, भरलेले आत जातात. त्याच सुमाराला कॉलेजात माझ्या टेबलावर बीएस्सीच्या पोरापोरींच्या प्रोजेक्ट फायली साचतात. झेरॉक्सचा गरम कागद, स्पायरलच्या प्लॅस्टिकचा वास, पहिल्या पानावर आईवडिलांचे आभार. मी फाइल मागून उघडते. आभार मग वाचू, आधी ग्राफ. एखादा ग्राफ लई गुळगुळीत दिसला की मला तो नांदेडचा उन्हाळा आठवतो आणि डोकं तापायला लागतं.

मी तासिका तत्त्वावर शिकवते. कायम नाही. हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कोणी आडून विचारायला नको. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली, आणि गावातली एमएस्सी झालेली पहिली मुलगी. असं सांगताना मान खाली घालावी, नशिबाचे उपकार मानावेत, अशी लोकांची अपेक्षा असते. शिकवणाऱ्यांचे उपकार मी मानते. नशिबाचे काय मानायचे? उमरीहून नांदेडला सकाळच्या गाडीत उभं राहून मी गेले, नशीब नव्हतं गेलं.

एमएस्सीचं शेवटचं सत्र ऐन उन्हात पडलं. प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर. दुपारी पश्चिमेच्या भिंतीला हात लागला तर चटका बसायचा. पंखा लावायची मनाई, कारण वाऱ्यानं पूड उडते आणि तराजूवरचे आकडे थरथरतात. काचांना वर्तमानपत्रं चिकटवलेली, त्यातून पिवळा उजेड आत यायचा. अमोनियाचा वास कपड्यांत इतका मुरलेला की घरी पाऊल टाकलं की आई नाकाला पदर लावायची. "रेणे, आधी आंघोळ कर, मंग बोल."

माझा विषय होता पाण्यातील चुंबकीय लोह-ऑक्साइडच्या नॅनोकणांचे विद्युत-रासायनिक वर्तन. आईला शीर्षक वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "वर्तन? म्हंजी ते वागतेत कसं ते बघायचं?"

हाव, तेच. माझ्या सरांनासुद्धा याच्याहून सोपं सांगता आलं नसतं.

लोखंडाचे दोन क्षार पाण्यात विरघळवायचे, तापवायचे, आणि वरून अमोनिया सोडायचा. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच नारिंगी पाणी काजळासारखं काळं होतं. बीकरखाली चुंबक धरला की तो सगळा काळेपणा खाली ओढला जातो आणि वर पाणी निवळ. आमचा चुंबक जुन्या स्पीकरमधून काढलेला होता. कण इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो एका रांगेत बसावेत. त्यांना पुन्हा पुन्हा धुवायचं, अंगावरचं मीठ जाईपर्यंत. मग ते पाण्यात सोडायचे, त्यात तीन इलेक्ट्रोड बुडवायचे आणि विजेचा दाब हळूहळू उतरवत न्यायचा, परत चढवायचा. कण ज्या दाबाला इलेक्ट्रॉन घेतात तिथं ग्राफवर एक उंचवटा येतो, देतात तिथं दुसरा, उलट्या बाजूला. जाणारी रेघ आणि येणारी रेघ मिळून कागदावर विड्याच्या पानासारखा आकार उमटतो. प्रत्येक मापाआधी कार्बनचं इलेक्ट्रोड ओल्या कापडावर घासावं लागतं, मराठी चारचा आकडा गिरवल्यासारखं. अजूनही मीटिंगमध्ये बसले की माझं बोट टेबलावर चार काढत असतं.

मार्चच्या शेवटी मला पहिलं पान मिळालं. नीट, दोन्ही उंचवटे असलेलं. मशीनच्या पडद्यासमोर मी एकटीच उभी होते, आणि खरं सांगते, पहिल्यांदा वाटलं की मी फक्त शिकत नाहीये, मला काहीतरी माहीत झालंय. पुस्तकातलं पाठ करणं वेगळं. हे कण मी केले होते, ते कसे वागतात ते मी विचारलं होतं आणि त्यांनी मला उत्तर दिलं होतं.

मग एप्रिलमध्ये नळ आटले.

आमच्या विभागातल्या प्रयोगशाळेचा सगळा कारभार गफारचाचांच्या हातात होता. पांढरी दाढी, गळ्यात चाव्यांचा जुडगा, कोणत्या कपाटात काय आहे ते सरांना नाही पण त्यांना ठाऊक. डिस्टिल्ड वॉटर काढायचं काचेचं यंत्र तेच चालवायचे. पाणी उकळून त्याची वाफ करायची आणि ती वाफ थंड करायला बाहेरून नळाचं पाणी सतत वाहतं ठेवायचं, असं ते यंत्र. नळ चार-चार दिवसांनी यायला लागला, तसं यंत्रही बंद पडलं.

"चाचा, डिस्टिल्ड?"

"कां का डिस्टिल्ड, बेटी. मुंह धोने को पानी नै. तुम यहाँ नॅनो-नॅनो लगाके बैठी."

कॅनमधलं शेवटचं पाणी संपलं तेव्हा मी कुणाला विचारलं नाही. व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याचा जार होता, आरओचा, सील असलेला. मी त्यातून भरून घेतलं आणि कण त्यात धुतले, त्यातच मोजले. पुण्याच्या पोरीनं ही चूक केली नसती, तिनं पाणी मिळेपर्यंत काम थांबवलं असतं. पण आमच्याकडं पाण्याचीसुद्धा पायरी असते. भांड्याला आणि अंगाला बोअरचं, घरच्यांना प्यायला हापशाचं, आणि पाहुणा आला, सोयरीक बघायला माणसं आली, की जारचं. आमच्या घरात जारच्या पाण्याच्या वर दुसरं पाणीच नव्हतं. शुद्ध म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर तेच आलं.

कण रुसले. पूर्वी तासन्‌तास पाण्यात तरंगणारे आता चहा होईपर्यंत गुठळ्या होऊन तळाशी बसायला लागले. उंचवटे बसके झाले, जागेवरून सरकले. पानाचा पापुद्रा झाला. मी पुन्हा केलं, पुन्हा तेच. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

माझे मार्गदर्शक सर वाईट माणूस नव्हते, हे लिहिलंच पाहिजे. तेही खेड्यातून आलेले, हाताखाली डझनभर विद्यार्थी, मशीन दोन विभागांत मिळून एक. त्यांनी माझे ग्राफ बघितले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"रेणुका, हे काय आणलंस?"

"पाच वेळा केलं, सर. असंच येऊन राहिलंय."

"व्हायवा पंधरा दिवसांवर आला. गेल्या वर्षीची फाइल आहे ना कपाटात? हेच कण, हीच पद्धत. त्यातले आकडे थोडे इकडंतिकडं कर आणि लाव."

"सर, ते माझे नाहीत."

"अगं, लोखंड कुणाचं असतं का? लोखंड ते लोखंड."

"लोखंड तेच असल, सर. मोजलंय दुसऱ्यानं."

सरांनी चष्मा खाली घेतला. "हे असले ग्राफ लावशील तर मी सही करणार नाही. आणि सहीशिवाय व्हायवाला बसता येत नाही. तुझं तू बघ."

म्हणजे दोन वर्षं त्या एका सहीवर लटकली. सही नाही तर डिग्री नाही. सही हवी तर दुसऱ्याचं पान माझ्या नावानं छापायचं. मी व्हरांड्यात आले, त्या जारचंच पाणी प्याले. भीती थोडी होती, राग जास्त. मला वाटत होतं, गावाकडून येणाऱ्यांना इथं हेच शिकवायचंय का? की तुमच्या हातून आलेलं उत्तर कधी बरोबर नसतं, बरोबर असतं ते कपाटात ठेवलेलं?

मागच्याच आठवड्यात, इथं लातुरात, माझ्या एका विद्यार्थिनीच्या फाइलमधला ग्राफ मी दोन बोटांनी दाबून धरला आणि विचारलं, "हे तुझं हाय का?" तिनं फाइल मिटायला हात पुढं केला. मग म्हणाली, "मॅडम, सगळेच असं करतेत." मी म्हणाले, "बरं. तुझा कुठंय?" तिनं दप्तरातून चुरगळलेला कागद काढला, तोंड असं केलं की जणू काही चोरी सापडली. रेघ वेडीवाकडी होती. पण तिच्या घामाचा डाग होता त्यावर. मी तो कागद सरळ केला आणि फाइलमध्ये लावायला लावला.

असो. मी त्या रविवारी उमरीला गेले. माझे वडील, आप्पा, बोअरच्या मोटारी दुरुस्त करतात. बस स्टँडच्या मागं पत्र्याचं दुकान आहे. आत तांब्याच्या तारेची भेंडोळी, वार्निशचा वास, आणि बाहेर ओळीनं उघड्या केलेल्या सबमर्सिबल मोटारी, चिखलातून काढलेल्या माशांसारख्या. आप्पा चौथी शिकलेले. पण मोटार उघडली की ती कुठल्या गावची ते सांगतात, आतल्या खपलीवरून. ते मला नवीन नव्हतं, पण त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट बघितलं.

"ही बघ हिमायतनगरकडची," म्हणाले. आतून पांढरी, चुना माखल्यासारखी. "आन् ही आपल्या इकडची." ती बाहेरून तांबडी आणि आतल्या फटीत काळी. त्यांनी खिशातला चुंबक काढून काळ्या खपलीला लावला. खपली टुणकन चिकटली. तांबडीला लावला, ती ढिम्म.

"जिथं हवा लागत न्हाई तिथं काळं होतंय. काळं चिकटतंय. तांबडं न्हाई."

मी खाली बसले. माझ्या बीकरमधला काळा कण आप्पा तीस वर्षं ब्लेडनं खरवडून काढून फेकत होते.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. उंचवटे, गुठळ्या, सही. त्यांनी बाकी काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "पाणी कोणचं घेतलंस?"

"जारचं. आरओचं. शुद्ध."

आप्पा हसले ते हसतच राहिले. "अगं माय, त्या प्लांटच्या मोटारी मीच बसवितो! मशीनमधून निघालेलं पाणी अळणी लागतंय, गिऱ्हाईक थुंकतंय. मंग टाकीत कच्चं बोअरचं पाणी सोडतेत चवीपुरतं."

"किती?"

"ज्याच्या त्याच्या मनावर. भाजीत मीठ टाकल्यावानी."

भाजीत मीठ. कणांच्या अंगावर एकाच जातीचा भार असतो, त्यामुळं ते एकमेकांना लांब ठेवतात आणि तरंगत राहतात. पाण्यात क्षार आले की तो भार झाकला जातो, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात, बसतात. मी हे परीक्षेत दोनदा लिहिलं होतं, पूर्ण गुणही घेतले होते. तरीही मला ते कळलं आप्पांच्या दुकानात, पत्र्याच्या सावलीत, ग्रीसच्या हातानं चहाचा कप धरून.

माझे ग्राफ खोटे नव्हते. जारच्या पाण्यात कण तसेच वागत होते. चूक माझी एवढीच की मी त्या पाण्याला दुसऱ्या नावानं हाक मारली.

दुसऱ्या दिवशी आप्पा माझ्याबरोबर नांदेडला आले. हातात कूलरची छोटी मोटार आणि दोन नळ्या. चाचांनी त्यांना बघितलं आणि मला विचारलं, "ये कौन?" मी म्हणाले, "माझे वडील. यंत्र चालू करायला आलेत." चाचा नाराज झाले. आपल्या यंत्राला परक्याचा हात लागणार म्हणून. आप्पांनी बादलीत पाणी घेतलं, मोटार बुडवली, नळी यंत्राला जोडली, दुसरी नळी परत बादलीत सोडली. तेच पाणी फिरून फिरून. पण थोड्या वेळात बादली कोमट झाली.

"बर्फ लागतंय," आप्पा म्हणाले.

"बर्फ?" चाचांचा चेहरा उजळला. "रुको. मेरे साडू का गन्ने का ठेला है." आणि चाव्यांचा जुडगा वाजवत निघाले. अर्ध्या तासानं भुसा लागलेली बर्फाची लादी गोणपाटात घेऊन परत. दोघं जण बादलीत बर्फ फोडत बसले आणि एकमेकांना सांगत बसले की पूर्वी गोदावरीला किती पाणी असायचं. काचेच्या नळीतून थेंब पडायला लागला. एक, मग दुसरा. इतकं स्वच्छ पाणी इतक्या सावकाश पडताना मी पुन्हा कधी बघितलं नाही.

त्या पाण्यात कण धुतले आणि पान परत आलं. दोन्ही उंचवटे, आपापल्या जागी.

सर खूश झाले. "बघ! आता हे लाव आणि ते जुनं फेकून दे."

इथंच थांबले असते तर सोपं होतं. सही मिळणार होती, पान होतं, व्हायवा होता. पण मला आता थांबता येईना. मी रिक्षानं विष्णुपुरीला जाऊन धरणाच्या काठावरून बाटली भरून आणली. आप्पांनी हिमायतनगरकडच्या एका बोअरचं पाणी दिलं. लातूरहून मावशीनं टँकरच्या पाण्याची बाटली एसटीच्या कंडक्टरकडं दिली. त्यानं विचारलं, "गंगाजल हाय का?" टँकरचं आहे म्हटल्यावर त्यानं ती डोक्यावरच्या फळीवरून काढून सीटखाली सरकवली. सगळ्या पाण्यांत तेच कण, तीच मापं. कुठं कण लवकर बसले, कुठं उशिरा. कुठं उंचवटा अर्धा राहिला, कुठं जवळजवळ दिसेनाच. मी सगळं तक्त्यात मांडलं, जारच्या पाण्याच्या पाच मापांसकट. सुरुवातीला स्वच्छ शब्दांत लिहिलं की ही मापं आधी चुकीनं डिस्टिल्ड वॉटरमधली समजली होती. आणि त्याला नाव दिलं चौथं प्रकरण.

सरांनी पानं चाळली. "विषयाबाहेरचं आहे. पाणी म्हणजे शुद्ध पाणी गृहीत असतं."

"शीर्षकात शुद्ध लिहिलेलं नाही, सर."

त्यांनी शीर्षकाचं पान काढून पुन्हा वाचलं. मग पेन काढून सही केली. "टाक. पण तिथं मी तुझ्या बाजूनं तोंड उघडणार नाही."

त्यांनी शब्द पाळला.

बाहेरून आलेले परीक्षक टापटीप होते, रुमालानं मान पुसत होते. तीन प्रकरणं त्यांनी भराभर उलटली, मान डोलावली. चौथ्यावर आले आणि थांबले.

"हे काय आहे, ताई? चूक छापलीय तुम्ही. आणि वर तिला नंबरही दिलाय."

"चूक कबूल केलीय, सर. आणि ती कशी झाली ते मोजलंय."

"बोअरचं पाणी, टँकरचं पाणी. हा काय ग्रामपंचायतीचा अहवाल आहे?" ते माझ्या सरांकडं बघून हसले. सर फाइलकडं बघत होते.

"सर, हे कण पाण्यातली घाण ओढून घेतील आणि मग चुंबकानं परत काढता येतील, म्हणून सगळे याच्यावर काम करून राहिलेत," मी म्हणाले. "कुणाच्या पाण्यातली घाण? डिस्टिल्ड वॉटर कोणाच्या घरी येतं? जे पाणी आमच्याकडं आहे त्यात हे कण गुठळ्या होऊन बसतेत. ते आधी कळायला नको का?"

"हे भाषण झालं."

"एकसष्टाव्या पानावर तक्ता आहे, सर."

त्यांनी पान उघडलं. वाचलं, असं मला वाटतं, कारण बोट एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेलं. मग फाइल मिटली आणि आवाज मऊ केला. तो मऊ आवाज मला पहिल्यापेक्षा जास्त झोंबला.

"हे बघा, बाकी काम उत्तम आहे. खरंच उत्तम. हे प्रकरण काढा, उद्या सकाळी नवी प्रत द्या. डिस्टिंक्शन माझ्याकडून पक्कं. ठेवणार असाल तर मग मला काठावरच सोडावं लागेल. प्रोजेक्टमध्ये शिस्त नाही, असं लिहावं लागेल."

डिस्टिंक्शन म्हणजे काय ते मला माहीत होतं. पुढं प्रत्येक अर्जावर, प्रत्येक निवडीच्या यादीत ते एक कलम असतं. ते नसलं की नाव खाली घसरतं, आणि खाली घसरलेलं नाव वर ओढायला आमच्यामागं कोणी उभं नसतं. बाहेर बाकावर आप्पा बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मी आत काय बोलू ते त्यांना विचारायला गेले असते, तर त्यांनी कदाचित काढ म्हटलं असतं. बापाचं काळीज असतं. म्हणून मी विचारलं नाही.

"राहू द्या मग डिस्टिंक्शन, सर," मी म्हणाले.

त्यांनी राहू दिलं.

आता गुणपत्रिकेत प्रोजेक्टसमोरचा आकडा बाकीच्या आकड्यांपेक्षा ठसठशीत कमी दिसतो. कायम जागेच्या मुलाखतीला गेले की टेबलापलीकडचं कोणीतरी त्याच्यावर बोट ठेवतंच. "इथं कमी पडलात?" दोन ठिकाणी माझी निवड त्यामुळंच हुकली, असं मला आतून कळलं. तिसऱ्या ठिकाणी पुढच्या महिन्यात जायचंय. बॅगेत प्रत ठेवलीय. बोट पडलं की मी काही सांगत बसत नाही. चौथं प्रकरण उघडते, प्रत त्यांच्याकडं फिरवते आणि म्हणते, "कमी गुण याचे आहेत. वाचा."